आधी केसभर घट्ट

एकदा एका वस्तादाच्या हाताखाली एक पैलवान शिष्य म्हणून आला, आणि त्याच्या पाठोपाठ, जिथे आजवर गारांपलीकडे काही गोठलेलं आभाळातून पडलं नव्हतं अशा त्या शहरात, बर्फावर चालणारी एक गाडी आली. यातलं मोठं नवल कोणतं, यावर तिथल्या उद्यमनगरात अजून दोन तट आहेत.

शिष्याचं नाव हिंदुराव. वय पस्तीस. गुडघा दुखावल्यामुळे कुस्ती सुटली, पण अंगातली रग सुटली नाही. त्याच्या ताकदीविषयी लोक जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, म्हणून उरलेलं निम्मंच सांगतो. मामेभावाच्या लग्नात माळ घालताना नवऱ्याला उंच धरायचं काम याच्याकडे होतं. याने उचललं, शेजारच्या ओळखीच्या माणसाशी पाऊसपाण्याचं बोलणं निघालं, आणि खाली ठेवायचं राहून गेलं. भटजींची दक्षिणा देऊन झाली, पहिली पंगत बसली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की नवरा अजून वरच आहे.

असा माणूस यंत्रांच्या दुरुस्तीत आला. यंत्र म्हणजेही एक प्रतिस्पर्धीच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

वस्तादाचं नाव दस्तगीर. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, कानावर नेहमी एक विडी, आणि ती कधी पेटवलेली कुणी पाहिली नाही. ट्रॅक्टर, तेलाचं इंजिन, जुनी मोटारसायकल, उसाचा चरक, जे काही अडलं असेल ते त्याच्या दारात येई. तो फार शिकवत नसे. 'बघ' एवढाच त्याचा पाठ. हिंदुराव बघत असे, पण त्याचे हात शिवशिवत असत.

त्याच सुमारास हिंदुरावाच्या घरी एक वेगळीच अडचण होती. त्याचे वडील, आबा, पंचक्रोशीतले नामांकित पेंटर. ट्रकच्या फाळक्यावरचा मोर, दुकानाची पाटी, देवळाच्या कमानीवरची अक्षरं, सगळी आबांच्या हातची. एक डोळा तरुणपणीच चुन्याची निवळी उडून गेलेला. उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिन्याभरात ऑपरेशन करा. आणखी पिकला तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग गेलेली नजर कुणालाच परत आणता येणार नाही."

आबा म्हणाले, "न्हाई."

का नाही, ते सांगेनात. हिंदुरावाने समजावलं, दटावलं, हात जोडले. आबांचं एकच उत्तर, आणि ते दर खेपेला आखूड होत चाललेलं. शेवटी एका सकाळी हिंदुरावाने आबांना बाजेसकट उचलून टेम्पोत ठेवलं आणि दवाखान्याच्या दारात नेऊन उतरवलं. तो नाव नोंदवायला आत गेला, तेवढ्यात आबा बाजेवरून पलीकडच्या अंगाला उतरले, आणि अर्ध्याअधिक अंधारलेल्या त्या एका डोळ्यानिशी, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पायाने चाचपत, अडीच कोस चालत घरी आले. त्यानंतर चार दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, "बाज आणलीस का परत?"

महिन्यातले नऊ दिवस असे गेले.

आता गाडीकडे वळू. शहरातल्या एका व्यापाऱ्याने मोठं गोदाम घेऊन आत यंत्राने बर्फ पाडायची सोय केली होती. बाहेर उन्हाने डांबर वितळत असताना लोकांनी आत येऊन कानटोपी घालून कुडकुडावं, अशी कल्पना. दसऱ्याला उद्घाटन. त्या बर्फात मुलांना फिरवण्यासाठी त्याने परदेशातल्या भंगारातून चाळीसेक वर्षांची एक स्नोमोबाइल मागवली होती. ती ट्रकमधून उतरली त्या दिवशी उद्यमनगरातली सगळी लेथ मशिनं अर्धा तास बंद होती. पुढे चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखी बैठक. चहावाल्याने तीनदा प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं, "पुढनं होडी हाय, मागनं ट्रॅक्टर. मधी काय बिघडलं असंल ते बघा."

बिघडलं होतं ते खालीच. रबरी पट्ट्याच्या पोटात स्प्रिंगांची नि छोट्या चाकांची एक चौकट असते. खड्डा आला की ती खालीवर झुलते, म्हणून वर बसलेल्याचं कंबरडं शाबूत राहतं. ही चौकट पुढे एक नि मागे एक अशा दोन आडव्या दांड्यांवर टांगलेली. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट, असे चार. दांडे अॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. चाळीस वर्षं बर्फाच्या पाण्यात एकत्र नांदून ते दोन धातू असे एकजीव झाले होते की कोण कुठे संपतो ते कळू नये. चौकट झुलायची बंद झाली होती. ती मोकळी करायची तर चारही बोल्ट काढायला हवे होते.

पहिला बोल्ट हिंदुरावाने वस्तादाला न विचारताच घेतला. पान्याला चार फुटी पाइप लावला, भिंतीला पाय दिला आणि जोर केला. बंदुकीसारखा आवाज झाला. बोल्टाचं डोकं उडालं ते कौलांवरून, दोन गल्ल्यांवरून, थेट चहावाल्याच्या किटलीत पडलं. त्या दिवसाचा चहा ज्यांनी घेतला त्यांच्या अंगी महिनाभर लोहाची कमतरता उरली नाही, असं तिथले लोक सांगतात. मी तो चहा घेतला नव्हता, त्यामुळे खात्री देत नाही.

दुसरा बोल्ट त्याने, पहिल्याचा राग म्हणून, आणखी जोरात ओढला. तोही गेला, आणि जाताना पुढचा दांडा धरणाऱ्या कानाला तडा देऊन गेला.

व्यापारी आला. तुटलेले दोन बोल्ट त्याने तळहातावर घेतले आणि बराच वेळ पाहिले.

"वस्ताद, या गाडीची कंपनी तीस वर्षांपूर्वी बंद झाली. मागचा दांडा ज्यात बसतो ते ओतीव काम जगात कुठे मिळत नाही. पुढचा कान तुम्ही वेल्डिंग करून सांधाल, मान्य. मागचं गेलं तर?"

"गेलं तर गेलं," वस्ताद म्हणाला. "ते सांधत नाही."

"मग आणखी एक तुटला तर मी गाडी क्रेनने उचलून भंगारात देतो. आणि पोरांना फिरवायला उंट आणतो."

"बर्फात उंट?" चहावाला दारातूनच म्हणाला.

"तुम्ही बोल्ट चहात टाकता, मी उंट बर्फात आणतो," व्यापारी म्हणाला आणि निघून गेला.

हिंदुराव एका कोपऱ्यात उभा होता. हातातला पाइप त्याने भिंतीला टेकवून ठेवला.

"वस्ताद, मागच्या दोन बोल्टांना मी हात लावत न्हाई. तुम्हीच काढा."

"हात तूच लावायचा," वस्ताद म्हणाला. "पण मी सांगेन तेव्हा. आणि तो पाइप उद्यापासून गॅलरीत. माझ्या बायकोला कपडे वाळत घालायला दांडी हवीच होती."

त्यानंतरचे काही दिवस पैलवानाच्या संयमाची कसोटी पाहणारे होते. रोज सकाळी वस्ताद यायचा, मागच्या दोन्ही बोल्टांच्या कडेने थेंबथेंब पातळ तेल सोडायचा. मग छोट्या हातोडीने डोक्यावर टकटक, लहान मुलाच्या पाठीवर थोपटावं तशी. दुपारी दिव्याच्या ज्योतीने दांडा गरम करायचा, बोल्ट नाही, दांडा. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाहून जास्त फुगतं, तेवढीच केसाएवढी फट. मग मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून त्या फटीत आपोआप ओढलं जायचं. मग पुन्हा गार होऊ द्यायचं. आणि घरी.

"एवढंच?" हिंदुरावाने पहिल्या दिवशी विचारलं.

"एवढंच."

"पाना न्हाई लावायचा?"

"अजून ओळख कुठं झाली?"

सहाव्या दिवशी हिंदुराव उशिरा आला. चेहरा उतरलेला. वस्तादाने मेणबत्ती खाली ठेवली.

"आबांचं काय?"

"तेच. न्हाई म्हणतात." हिंदुराव पाटावर बसला. "चार भावकीतली माणसं आणली. बहिणीला फोनवर रडायला लावलं. माणूस हलत न्हाई. पंधरा दिवस गेले वस्ताद, पंधरा उरले. उद्या परत नेतो. या वेळी बाजेला दोरीनं बांधून."

"बांधून नेशील. डोळा उघडायला डॉक्टर सांगेल तेव्हा कोण उघडेल?"

 वस्तादाने विडी एका कानावरून दुसऱ्या कानावर ठेवली.

"चल, आज पाना आण. छोटा."

हिंदुरावाने वीतभर लांबीचा रिंगपाना आणून दिला. वस्ताद गाडीशेजारी मांडी घालून बसला, पाना बोल्टावर नीट बसवला, श्वास घेतला, आणि जोर दिला. उजवीकडे.

हिंदुराव दचकला. उजवीकडे म्हणजे घट्ट. ज्या बोल्टाला सोडवण्यासाठी सहा दिवस तेल, मेण, ज्योत असे सगळे उपचार झाले, त्याला म्हातारा आवळत होता.

"वस्ताद," तो हलक्या आवाजात म्हणाला, "उलटा फिरवताय."

"माहीत आहे."

"तसा घट्ट होतोय."

"तेही माहीत आहे. गप्प बस, ऐकू दे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग 'टिक' असा आवाज आला. वाळलेली शेंग उकलावी तेवढाच. बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेला जेमतेम केसभर हलला होता. पण हलला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

वस्तादाने पाना हिंदुरावाच्या हातात दिला. "आता डावीकडे. दोन बोटांनी."

"दोन बोटांनी?"

"तुझ्या दोन बोटांत माझे दोन हात बसतात."

हिंदुरावाने दोन बोटांनी पाना डावीकडे नेला. बोल्ट आला. अगदी थोडा, नखाच्या कडेइतका, पण आला. पैलवानाच्या छातीत आनंद मावेना. त्याने तळहात घातला आणि पूर्ण फेरा मारायला जोर केला, तोच वस्तादाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि पाना काढून घेतला.

"बस. आता पुन्हा तेल. पुन्हा केसभर घट्ट. मग दोन केस सैल. आजचं काम झालं."

"पण आता तर तो यायला लागलाय."

"यायला लागला की ओढायचं, ही तुझी खोड. तिथंच ते दोन तुटले."

 हिंदुराव न राहवून म्हणाला, "वस्ताद, एक सांगा. सोडवायचं होतं तर आवळलं कशाला?"

वस्तादाने हात फडक्याला पुसले. तो जास्त बोलणारा माणूस नव्हता, म्हणून त्या दिवशी तो बोलला ते उद्यमनगरात अजून आठवणीत आहे.

"हा बोल्ट चाळीस वर्षं काय करत होता? धरत होता. धरायलाच त्याला इथं बसवला होता. पाणी शिरलं, बर्फ साचला, गंज चढला, मालक बदलले, कंपनी बुडाली, पण याने धरणं सोडलं नाही. म्हणून तर गाडी एकसंध राहून आपल्या दारात आली. आणि आपण काय करतो? आलो की पहिल्याच शब्दाला म्हणतो, सोड. तो आणखी धरतो. त्याला तेवढंच येतं. मग आपण म्हणतो, हट्टी आहे, आणि पाइप लावतो." वस्तादाने बोल्टावर बोट ठेवलं. "मी त्याला आवळला म्हणजे काय केलं? ज्या बाजूला त्याचा कल आहे, त्या बाजूला त्याच्याबरोबर एक पाऊल गेलो. म्हटलं, बाबा, तुझं धरणं चुकीचं नव्हतं. गंज सोडवणाऱ्याशी झगडायला टपलेला असतो. सोबत येणाऱ्याशी कसं झगडायचं ते त्याला कळत नाही. तिथंच त्याची पकड मोडते. एकदा जागचा हलला की परत येताना त्याला हळूच बरोबर घेऊन यायचं."

"आणि जास्त आवळला तर?"

"तर तुटतो. म्हणून केसभर. आणि हिंदुराव, खोटं आवळून चालत नाही. नुसता पाना टेकवला नि आवळल्याचं सोंग केलं, तर काही होत नाही. खरंच त्या बाजूला जावं लागतं."

हिंदुराव पाटावर बसून राहिला. त्याने त्या बोल्टाकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या जखमेचा एक लांब पांढरा वण होता. तो त्याने इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला होता की आता तो त्याला दिसतच नसे.

"वस्ताद, मी जरा घरी जाऊन येतो."

"जा," वस्ताद म्हणाला. "दोरी इथंच ठेवून जा."

घरी आबा ओट्यावर बसले होते. पुढ्यात जुने ब्रश मांडलेले. एकेकाचे केस बोटांनी चाचपून ते लहानमोठे लावत होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली नाही.

"दोरी आणलीस?"

हिंदुराव चपापला. "कोण म्हणालं?"

"तू काल रात्री झोपेत बडबडत हुतास. दोरी, बाज, टेम्पो."

"न्हाई आणली." तो ओट्यावर टेकला. "आबा, आज न्यायला आलो न्हाई. तुमचं न्हाई म्हणणं बरोबर हाय, एवढंच सांगाय आलो."

आबांची बोटं थांबली. "ताप आलाय का तुला?"

"न्हाई."

"मग त्या डॉक्टरनं शिकवून धाडलं असंल. आता ह्यो नवीन डाव."

"डाव न्हाई आबा." हिंदुरावाने बाही वर सारली. "ह्यो हात बघा."

"बघू कसा? तोच तर वांधा हाय."

हिंदुरावाने त्यांचा हात धरून आपल्या कोपरावर ठेवला. आबांचं बोट त्या वणावरून खालपर्यंत गेलं.

"नऊ वर्षांचा हुतो मी," हिंदुराव म्हणाला. "आंब्यावरनं पडलो. हाड बाहेर आलेलं, जखम नासली. डॉक्टर म्हणाला, कोपरातनं काढायला लागंल न्हाईतर पोरगं जाईल. आई सही करा म्हणत हुती. मामा म्हणत हुता. समद्या गल्लीनं तुम्हाला येड्यात काढलं. तुम्ही न्हाई म्हणालात. तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून न्हाईच म्हणालात. मग मिरजेहून दुसरा डॉक्टर आला आणि हात वाचला." आबांच्या बोटाखाली त्याने मूठ वळली. "ह्या हातानं मी कुस्त्या मारल्या. ह्याच हातानं तुम्हाला बाजेसकट उचललं. त्या दिवशी तुम्ही व्हय म्हणाला असता, तर तुम्हाला उचलायला माझ्याकडं हात नसता. हे मला आज कळलं. ह्यो हात ऱ्हायला तो तुमच्या न्हाई म्हणण्यानं."

हिंदुराव हे सांगायला आला तेव्हा थोडं ठरवून आला होता. पण बोलता बोलता ठरवलेलं मागे पडलं, आणि जे राहिलं ते खरं होतं.

 आबांचं बोट वणावर तसंच होतं.

"तुझा हात काढाय निघालेल्या त्या डॉक्टरनं सुरी दाखवलेली मला," ते म्हणाले. "पितळी डब्यात, पांढऱ्या फडक्यावर. म्हणला, ह्यानं काम झटक्यात हुतं. ती हाय माझ्या डोळ्यापुढं. आता समोरचा माणूस दिसत न्हाई हिंद्या, तू दिसत न्हाईस, ब्रश दिसत न्हाई. ती सुरी दिसती."

हिंदुरावाने ऐकलं आणि त्याच्या कानात 'टिक' वाजलं.

लगेच त्याच्या तोंडाशी आलं होतं, 'मग चला की आबा, त्यात सुरीबिरी काय नसंल, आत्ताच जाऊ.' त्याने तोंड उघडलंही. मग त्याला आपल्या मनगटावरचा म्हाताऱ्याचा हात आठवला. त्याने तोंड मिटलं.

"चहा टाकतो," तो म्हणाला, आणि उठून आत गेला. पैलवान म्हणून त्याने आयुष्यात अनेक वजनं उचलली, पण ते एक वाक्य गिळायला जेवढी ताकद लागली तेवढी कशालाच लागली नव्हती, असं तो पुढे सांगत असे.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबा आपण होऊन म्हणाले, "डोळ्याला काय लावत्यात रं? सुरीच न्हवं?"

"मला नीट ठाऊक न्हाई. विचारून येतो."

तो विचारून आला. सुईएवढी चीर, भूल थेंबांची, पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी न्हाई."

"बरं," हिंदुराव म्हणाला. त्याला मनापासून 'बरं' म्हणता आलं, याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

इकडे बोल्टही तसाच चालला होता. एक केस पुढे, दोन केस मागे. मध्येच एक दिवस तो पुन्हा अडला, तेव्हा हिंदुरावाने हात शिवशिवत असतानाही पाइपाकडे पाहिलं नाही. तसंही पाइपावर वस्तादिणीची लुगडी वाळत होती.

आबांनी मग तीन दिवस डोळ्याचा विषय काढला नाही. चौथ्या दिवशी विचारलं, त्या डॉक्टरला कधी भेटता येईल, नुसतं बोलायला. डॉक्टरांची वेळ मिळायला आणखी चार दिवस गेले, मग हिंदुराव त्यांना नुसतं बोलायला घेऊन गेला आणि खरोखर नुसतं बोलून परत आणलं. वाटेत आबा दोनदा म्हणाले, "आज न्हाई हं." दोन्ही वेळा तो म्हणाला, "आज न्हाईच." महिन्यातले सहा दिवस उरले होते, आणि ते तो बोटांवर मोजत होता. पण तो आकडा त्याने पोटातच ठेवला.

चार दिवस उरलेले असताना मागच्या दांड्याचा पहिला बोल्ट बाहेर आला. शेवटचे फेरे हिंदुरावाने बोटांनीच काढले. दुसरा बोल्टही त्याच संध्याकाळी आला. तो उजेडात धरला तेव्हा दिसलं की मध्यावर गंजाने त्याची कंबर खाऊन काडीएवढी केली होती. ओढला असता तर तिथेच तुटला असता, आणि ओतीव काम घेऊन गेला असता. वस्तादाने तो फडक्यात पुसला आणि खिडकीत ठेवला. 

बोल्ट निघाले हे सांगायला हिंदुराव घरी आला, तर आबा ओट्यावर आंघोळ करून, धुवट सदरा घालून बसलेले.

"कुठं निघाला?"

"उद्याचं म्हणतोय मी. सवय हुयाला आजच घातला सदरा." आबांनी खाकरून घसा साफ केला. "उद्या वस्तादाकडनं सुट्टी घे. आणि बाज नको. चालत जाईन टेम्पोपर्यंत."

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ हिंदुराव बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. सव्वीस वर्षांपूर्वी आबा बसले होते तसाच. पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि नर्सबाई म्हणाल्या, "झालं. शहाणे आहेत आजोबा. जरासुद्धा हलले नाहीत." हिंदुरावाने श्वास सोडला तो एवढा लांब होता की आवारातल्या गुलमोहराची पानं हलली. हेही लोकच सांगतात. मी एवढंच सांगतो की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्याने त्या वणाच्या हाताने पुसलं.

आठ दिवसांनी काळा चष्मा लावून आबा कारखान्यात आले. पुढच्या तुटक्या बोल्टांचे तुकडे कोरून काढून, कान सांधून गाडी तयार झाली होती. चौकट पाळण्यासारखी झुलत होती. व्यापारी स्वतः तिच्यावर बसून वरखाली होत होता, आणि उंटाचं नाव कुणी काढत नव्हतं. हिंदुरावाने अभिमानाने तिला स्वतः रंग दिला होता, लाल, आणि बाजूने पांढरी पट्टी.

आबा गाडीभोवती फिरले. वाकून पट्टी पाहिली. मग चष्मा कपाळावर घेऊन पुन्हा पाहिली.

"हिंद्या, ही पट्टी कुणी मारली?"

"मी, आबा."

"मग आता डोळं कुणाचं तपासायचं?"

सगळे हसले. वस्तादाने स्टूल पुढे सरकवलं. धूळ नि रंग महिनाभर लांब ठेवा, अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून आबा दारापाशी वाऱ्याला बसून सांगू लागले आणि हिंदुराव पट्टी पुसून पुन्हा मारू लागला. दोन वीत ओढून झाली असतील, आबा म्हणाले, "ब्रश एवढा आवळू नगंस. हात सैल सोड."

"सोडतो," हिंदुराव म्हणाला. "आधी थोडा आवळतो, मग सोडतो."

वस्तादाने चहाचा पेला तोंडाला लावला, पण हसू पेल्यात मावलं नाही.

आपल्याही घरात कुणी एखाद्या नकारावर घट्ट बसलेलं असेल, तर पाइप शोधण्याआधी एवढं आठवून पाहावं, की त्याच नकाराने आजवर आपलं काय काय धरून ठेवलं.